टाळी आणि दोषारोप : गृहाक्रमणाच्या थरारपटांविषयीच्या प्रेक्षकमताचा इतिहास

१९९७ सालच्या मे महिन्यात कान येथील चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धाविभागात मिखाएल हानेके ह्या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा ‘फनी गेम्स’ हा चित्रपट दाखविण्यात आला. सरोवराकाठच्या घरी सुट्टीसाठी आलेल्या एका कुटुंबाला पांढरे हातमोजे घातलेले दोन सभ्य तरुण ओलीस धरतात आणि एकेकाला ठार करतात, एवढेच त्याचे कथानक. चित्रपटाच्या उत्तरार्धात, मुलाचा बळी गेल्यानंतर, त्या घरातील स्त्री झडप घालून बंदूक उचलते आणि दोघांपैकी एकावर गोळी झाडते. हानेके ह्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे ह्या क्षणी प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या. लगेचच दुसरा तरुण रिमोट शोधून काढतो, पडद्यावरील घटना उलटी फिरवतो आणि ती पुन्हा घडताना बंदूक स्त्रीच्या हाती लागू देत नाही. टाळ्यांच्या जागी शांतता पसरली. हानेके ह्यांच्या मते ह्या शांततेत प्रेक्षकाला स्वतःची ओळख पटली : आपण एका हत्येला दाद दिली, हे त्याला कळून चुकले.

ही टाळी गृहाक्रमणाच्या, म्हणजे परक्यांनी राहत्या घरात शिरून घरच्यांना वेठीस धरण्याच्या, चित्रपटांविषयीच्या चर्चेत वारंवार पुरावा म्हणून मांडली गेली आहे. परंतु ती नेमका कशाचा पुरावा आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. टाळी हे प्रेक्षकमताचे सर्वांत संक्षिप्त रूप होय. आणि संक्षिप्त असल्यामुळेच तिचा अर्थ लावण्याचे काम नेहमी दुसऱ्या कोणाकडे जाते. ह्या चित्रप्रकाराचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, प्रेक्षकाला काय वाटले ह्यापेक्षा प्रेक्षकाला काय वाटले असावे ह्याविषयीच समीक्षकांनी, परीक्षण मंडळांनी आणि दिग्दर्शकांनी अधिक लिहिले आणि बोलले आहे. कान येथील टाळीचा अर्थ त्या दीर्घ परंपरेत ठेवूनच तपासावा लागतो.

ह्या परंपरेचा आरंभ चित्रपटापूर्वीचा आहे. आंद्रे द लोर्द आणि शार्ल फोले ह्यांचे ‘दूरध्वनीवर’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे फ्रेंच नाटक १९०१ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आले. घरापासून दूर असलेला नवरा दूरध्वनीवरून आपल्या बायकामुलांची हत्या ऐकतो आणि काहीही करू शकत नाही. येथे नाटककारांनी नायकाची आणि प्रेक्षकाची अवस्था एकच करून टाकली आहे. दोघांनाही घडते आहे ते कळते आणि दोघेही असहाय आहेत. प्रेक्षक हा अखेर खुर्चीला खिळलेला, हस्तक्षेप करू न शकणारा साक्षी असतो, हे सत्य ह्या नाटकाने एका यंत्राच्या आधारे उघडे केले.

चित्रपटाने हे कथाबीज उचलले, पण त्याचा शेवट बदलला. १९०८ साली पॅथे कंपनीच्या एका फ्रेंच लघुपटात, आणि १९०९ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्यांच्या ‘द लोन्ली व्हिला’ ह्या जेमतेम एका रिळाच्या अमेरिकन चित्रपटात, दूरध्वनीवरून संकट कळलेला पुरुष धावत घरी पोहोचतो आणि कुटुंब वाचते. दार फोडणारे दरोडेखोर, आत दार अडवून धरणाऱ्या स्त्रिया आणि रस्त्यावर धावणारा पिता अशा तीन ठिकाणची दृश्ये आलटून पालटून दाखविण्याची जी रीत ग्रिफिथ ह्यांनी येथे वापरली, ती पुढे थरारपटाचे व्याकरणच बनली. ह्या व्याकरणाने नाटकातील असहाय श्रोत्याला पाय दिले. पडद्यावरचा पिता धावतो तेव्हा खुर्चीतला प्रेक्षकही मनाने धावतो, आणि प्रत्येक तुटक दृश्यागणिक त्याची आशा ताणली जाते.

ह्या चित्रपटावरील एक प्रेक्षकमत सुदैवाने उपलब्ध आहे. १९०९ च्या अमेरिकन चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकातील टिपणकाराने नोंदवून ठेवले आहे की, चित्रपट संपताच त्याच्या मागे बसलेल्या एका स्त्रीच्या तोंडून ते वाचल्याबद्दल देवाचे आभार मानणारे उद्गार निघाले, आणि सारे प्रेक्षागृह तिच्याइतकेच उत्कंठित होते. ह्या उद्गारात दरोडेखोरांना कोणती शिक्षा झाली ह्याचा उल्लेख नाही. त्यात सुटका आहे, सूड नाही. गृहाक्रमणाच्या चित्रपटाला मिळालेल्या सर्वांत जुन्या नोंदलेल्या प्रतिसादांपैकी हा एक आहे आणि तो विसरता येण्याजोगा नाही.

त्या स्त्रीच्या उद्गाराचे स्वरूप समजून घेण्यास भारतीय काव्यशास्त्रातील एक विवेचन विलक्षण उपयोगी पडते. भयानक रसाचा विचार करताना अभिनवगुप्त ‘शाकुंतला’तील बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतात. सहृदयाला होणारी प्रतीती ‘मी भ्यालो आहे’ अशी नसते, तशीच ‘हा शत्रू, मित्र किंवा तिऱ्हाईत भ्याला आहे’ अशीही नसते. देशकालाच्या बंधनातून सुटलेले केवळ भय तिथे आस्वादाचा विषय होते. भय ‘माझे’च आहे किंवा ‘परक्याचे’च आहे, असे पक्के होणे हे अभिनवगुप्तांच्या मते रसप्रतीतीच्या विघ्नांपैकी एक आहे. मराठीत न. चिं. केळकर ह्यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना ह्याच प्रश्नाला निराळ्या बाजूने भिडते : स्वतःची भूमिका न सोडता परभूमिकेत शिरण्यात आस्वादाचा आनंद आहे. १९०९ ची ती प्रेक्षक स्त्री अशाच दुहेरी अवस्थेत होती. ती त्या घरात होती आणि प्रेक्षागृहातही होती. म्हणूनच तिला सुटकेचा आनंद झाला.

गृहाक्रमणाच्या कथेत मात्र हे विघ्न स्वभावतःच दबा धरून बसलेले असते. राजवाडा, रणांगण किंवा अरण्य ही प्रेक्षकाच्या नित्य जीवनाची ठिकाणे नव्हेत. घर हे आहे. पडद्यावरचे दार वाजते तेव्हा प्रेक्षकाला आपल्या दाराची कडी आठवते. ‘परक्याचे भय’ आणि ‘माझे भय’ ह्यांमधील भिंत ह्या चित्रप्रकारात सर्वांत पातळ असते, आणि ह्या प्रकारचे दिग्दर्शक ती किती पातळ करता येते ह्याचेच प्रयोग करीत आले आहेत.

टेरेन्स यंग ह्यांचा ‘वेट अंटिल डार्क’ (१९६७) हा ह्यांपैकी सर्वांत सरळ प्रयोग होय. ऑड्री हेपबर्न ह्यांनी साकारलेली अंध नायिका घरात शिरलेल्या गुन्हेगारावर मात करण्यासाठी घरातले दिवे फोडते, कारण अंधारात दोघेही समान होतात. शेवटच्या आठ मिनिटांत चित्रपटगृहातले दिवेही कायद्याने शक्य तितके मंद केले जातील, अशी घोषणा जाहिरातीतून करण्यात आली होती. पडद्यावरचा अंधार आणि प्रेक्षागृहातला अंधार एक करण्याचा हा उपाय उघड व्यापारी होता. पण प्रेक्षकाला त्याची पूर्वसूचना होती. आपल्याला कशासाठी आणि किती वेळ भिववले जाणार आहे, ते तो जाणून होता. खेळाचे नियम दोन्ही पक्षांना ठाऊक होते, म्हणून त्या प्रेक्षकावर कोणी दोषारोप केला नाही.

चार वर्षांनी आलेल्या सॅम पेकिनपा ह्यांच्या ‘स्ट्रॉ डॉग्ज’ने (१९७१) ही स्थिती पालटली. कॉर्नवॉलमधील खेड्यात राहायला आलेला एक अमेरिकन गणितज्ञ घराला वेढा घालणाऱ्या गावकऱ्यांना अखेर एकेक करून ठार मारतो. येथे रक्षणकर्ता बाहेरून धावत येत नाही. घरातला भित्रा पुरुषच संहारक होतो आणि त्यात त्याला तृप्ती लाभते. शिवाय नायिकेवरील बलात्काराच्या दृश्यात तिच्या संमतीविषयी निर्माण केलेली संदिग्धता हा न्याय्य संतापाचा विषय झाला. पॉलीन केल ह्यांनी चित्रपटाच्या कलात्मक सामर्थ्याची कबुली देतच त्याला फॅसिस्ट कलाकृती ठरविले. लंडनमध्ये तेरा समीक्षकांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून चित्रपटाला मिळालेल्या प्रमाणपत्राविषयी निषेध नोंदविला.

ह्या निषेधाची चिकित्सा चार्ल्स बार ह्यांनी १९७२ साली ‘स्क्रीन’ ह्या नियतकालिकातील लेखात केली. त्याच सुमारास आलेल्या स्टॅन्ली कुब्रिक ह्यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मध्येही घरात घुसून केलेला अत्याचार आहे, आणि तरीही तो समीक्षकांना बराचसा सुसह्य वाटला. बार ह्यांनी ह्या तफावतीचे मूळ दोन्ही चित्रपटांच्या शैलीत शोधले. कुब्रिक ह्यांची शैली प्रेक्षकाला अंतरावर उभे करते. पेकिनपा ह्यांची शैली ते अंतर काढून घेते. म्हणजे समीक्षकांचा रोष पडद्यावरील हिंसेच्या परिमाणाशी प्रमाणबद्ध नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या गमावलेल्या ताटस्थ्याशी संबंधित होता. परंतु त्यांनी तो व्यक्त केला इतरांच्या नावाने. सामान्य प्रेक्षक बिघडेल, उत्तेजित होईल, अशी त्यांची भीती होती. स्वतःला आलेला अनुभव दुसऱ्यावर लादण्याची ही रीत समीक्षेच्या इतिहासात नवी नाही, पण येथे ती विशेष स्पष्ट दिसते.

ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओविषयक कायद्यानंतर ‘स्ट्रॉ डॉग्ज’ला घरगुती प्रसारासाठी २००२ पर्यंत प्रमाणपत्र मिळाले नाही. ह्या बंदीमागेही एक गृहीत प्रेक्षकच होता : घरात बसून, दृश्य पुन्हापुन्हा मागे नेऊन पाहणारा. शेवटी परीक्षण मंडळाने मानसशास्त्रज्ञांचे मत घेतले आणि सामान्य प्रेक्षकांच्या एका गटालाही चित्रपट दाखवून त्यांचा अभिप्राय विचारला. गटातील बहुसंख्यांना प्रौढांसाठी त्याचे प्रसारण मान्य होते. ज्याच्या नावाने तीन दशके वाद झाला, त्या प्रेक्षकाला प्रश्न विचारला गेला तो सर्वांत शेवटी.

‘फनी गेम्स’चे स्थान ह्या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. समीक्षकांनी प्रेक्षकावर ठेवलेला आरोप हानेके ह्यांनी चित्रपटाच्या रचनेतच बसविला. पॉल हा तरुण कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मिचकावतो, तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात असे प्रेक्षकाला विचारतो, हे कुटुंब सकाळपर्यंत जिवंत राहणार नाही अशी पैज लावतो. हिंसा बहुतांशी पडद्याबाहेर घडते. गोळी लागलेला माणूस ठळकपणे दिसतो ते दृश्य जवळजवळ एकच, आणि नेमके तेच रिमोटने पुसले जाते. व्होल्फगांग इझर ह्यांच्या परिभाषेत सांगायचे तर, संहितेतील अभिप्रेत वाचक येथे अभिप्रेत आरोपी झाला आहे. हान्स रॉबर्ट याउस ह्यांनी वर्णिलेले अपेक्षांचे क्षितिज येथे मोडण्यासाठीच उभारलेले असते. सुटकेची प्रत्येक खूण, शेजाऱ्यांची भेट असो की होडीत राहिलेला चाकू असो, आशा जागवून निष्फळ ठरते.

दूरध्वनीची योजना ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अंडी मागायला आलेला तरुण अवघडल्यासारखे दाखवीत घरातला फोन पाण्यात पाडतो. पुढे जखमी पती तो केस वाळविण्याच्या यंत्राने सुकवीत बसतो. ग्रिफिथ ह्यांच्या चित्रपटात ज्या यंत्राने सुटका आणली ते येथे पहिल्या काही मिनिटांतच निकामी होते. रिमोटने घटना उलटी फिरते तेव्हा जणू चित्रपटाचा सारा इतिहासच उलटा फिरतो आणि प्रेक्षक १९०९ मधून १९०१ मध्ये, त्या असहाय श्रोत्याच्या जागी, परत नेला जातो. हानेके ह्यांचे खरे कर्तृत्व येथे आहे. शेवटच्या क्षणी होणारी सुटका ही जगाची रीत नसून केवळ एका चित्रप्रकाराचा संकेत आहे, हे त्यांनी निर्विवादपणे दाखवून दिले.

मात्र ह्या कर्तृत्वाला त्यांनी एक निवाडा जोडला. जो प्रेक्षक उठून जातो त्याला ह्या चित्रपटाची गरज नाही आणि जो बसून राहतो त्याला ती आहे, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. ते तर्कदृष्ट्या अभेद्य आहे, आणि हाच त्याचा दोष होय. कान येथे अनेकजण उठून गेले. त्यांनी चित्रपटाचा हेतू सिद्ध केला. अनेकजण बसून राहिले. त्यांनीही तोच सिद्ध केला. जॅक रिव्हेत ह्यांच्यासारख्या ज्येष्ठ दिग्दर्शकाने १९९८ मधील मुलाखतीत ह्या चित्रपटाचा अत्यंत कठोर शब्दांत धिक्कार केला. ह्या तर्कानुसार तो धिक्कारही चित्रपटाचे यशच मानावा लागेल. ज्या संहितेला कोणताही प्रतिसाद खोटे पाडू शकत नाही, तिच्यापुढे प्रेक्षकाला मत उरतच नाही; उरतो तो केवळ कबुलीजबाब.

प्रत्यक्ष प्रेक्षकांना विचारणाऱ्या संशोधनातून निराळेच चित्र समोर येते. योगायोगाने १९९७ सालीच अ‍ॅनेट हिल ह्यांचा हिंस्र चित्रपटांच्या प्रेक्षकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गटचर्चांमधून त्यांना आढळले की, असे चित्रपट पाहणारे निष्क्रिय उपभोक्ते नसतात. आपल्याला काय सोसवेल ह्याच्या मर्यादा ते आधीच आखतात, त्या चाचपून पाहतात, कधी डोळे मिटतात, आणि शेजारच्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवरही लक्ष ठेवतात. पडद्यावरील हिंसा आणि जीवनातील हिंसा ह्यांतील भेद त्यांच्यापुरता स्पष्ट असतो. पुढे मार्टिन बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश परीक्षण मंडळासाठी केलेल्या आणि २००७ साली सादर झालेल्या अभ्यासात पाच चित्रपट होते. त्यांतील रुज्जेरो देओदातो ह्यांचा ‘हाउस ऑन द एज ऑफ द पार्क’ (१९८०) हा गृहाक्रमणाचाच चित्रपट होय. चित्रपट स्वीकारणारे आणि नाकारणारे प्रेक्षक वस्तुतः एकच चित्रपट पाहत नाहीत, हे त्या अभ्यासाचे महत्त्वाचे फलित. स्वीकारणारा अत्याचाराच्या बाजूचा असतो हे समीकरण त्यातून टिकत नाही. दृश्यातील बळीच्या वेदनेशी जोडला गेल्यामुळे चित्रपट मोलाचा वाटणारे प्रेक्षकही असतात.

हानेके ह्यांनी आपल्या चित्रपटाची जवळजवळ दृश्यागणिक तंतोतंत अशी इंग्रजी आवृत्ती केली. ती २००८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाली. मूळ चित्रपटही अमेरिकन हिंसापटांच्या प्रेक्षकालाच उद्देशून होता, परंतु जर्मन भाषेमुळे त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, ही त्यांची भूमिका होती. नाओमी वॉट्स आणि टिम रॉथ ह्यांच्यासारखे नामांकित कलावंत असूनही अमेरिकेत ह्या आवृत्तीचे उत्पन्न सुमारे १३ लाख डॉलरच राहिले. त्याच वर्षी मे अखेरीस आलेल्या ब्रायन बर्टिनो ह्यांच्या ‘द स्ट्रेंजर्स’ने तेथेच ५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. त्यातही मुखवटे घातलेले तिघे एका जोडप्यावर निष्कारण हल्ला करतात, आणि ते जोडपे घरी होते ह्यापलीकडे कोणतेही कारण देत नाहीत. त्यातही वेळेवर कोणी धावून येत नाही. तेव्हा असे म्हणता येत नाही की, सुटका नाकारल्यामुळे प्रेक्षकांनी हानेके ह्यांच्याकडे पाठ फिरविली. वितरण आणि जाहिरात ह्यांचा वाटा मान्य केला तरी एक भेद शिल्लक राहतोच. एका चित्रपटाने प्रेक्षकाला भयाचा भागीदार मानले आणि दुसऱ्याने गुन्ह्याचा. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत, ‘मी भ्यालो’ हे विघ्न प्रेक्षक काही काळ सोसतो. ‘मीच मारले’ हे विघ्न लादले गेले की आस्वाद थांबतो आणि खटला सुरू होतो.

खटला चालविण्याचा अधिकार कलाकृतीला नाही असे नव्हे. कॅथरिन व्हीट्ली ह्यांनी हानेके ह्यांच्या चित्रपटांवरील आपल्या ग्रंथात (२००९) दाखविल्याप्रमाणे, प्रेक्षकाला स्वतःच्या पाहण्याची जाणीव करून देणे हे नैतिक कार्य असू शकते. हानेके ह्यांच्याच पुढील चित्रपटांत, विशेषतः ‘काशे’मध्ये (२००५), घरावर रोखलेली नजर कोणाची हा प्रश्न अनुत्तरित ठेवून ते कार्य अधिक खोलवर साधले गेले आहे. तेथे प्रेक्षकाला विचार करण्यास जागा राहते. ‘फनी गेम्स’मध्ये ती राहत नाही, कारण तेथे प्रश्नाआधीच उत्तर लिहून ठेवलेले असते.

कान येथील टाळीकडे आता पुन्हा वळता येते. ज्यांनी ती दिली त्यांनी तासाभराहून अधिक काळ एका कुटुंबाचा छळ सोसला होता, एका मुलाचा मृत्यू पाहिला होता आणि त्यानंतर सुमारे दहा मिनिटांच्या अखंड दृश्यात त्या आईबापांचा मूक शोकही पाहिला होता. त्या टाळीत सूडाचा अंश नव्हता असे कोणी म्हणू नये. मानवी भावना इतक्या निर्भेळ नसतात. पण त्या टाळीत १९०९ च्या त्या अनाम स्त्रीचा उद्गारही होता. परक्या जिवांच्या सुटकेने हलके वाटणे ही सहृदयतेची खूण होय, आणि तीच येथे गुन्ह्याचा दाखला म्हणून सादर केली गेली. जी समीक्षा हा दाखला न तपासता स्वीकारते, ती प्रेक्षकाच्या करुणेलाही हिंसेच्या खात्यावर जमा करते. गृहाक्रमणाच्या चित्रपटांचा शतकभराचा इतिहास ह्याउलट सांगतो की, दार फुटते तेव्हा बहुतेक प्रेक्षक दाराच्या आतल्या बाजूला असतात.